झुलू राजाचं हसू

धामापूरच्या गुरुदासने उभा जन्म दशावतारात राक्षस केला. अंगाने तसा, आवाजाने तसा. राजाचं काम कायम सुदेशकडे. देवळासमोर गुरुदास हसला की तळ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागायची. म्हणून पुतणी श्रिया जेव्हा म्हणाली, “काकानू, ह्या नाटकात राजा तुमी,” तेव्हापासून तो दाढी करताना आरशात मान ताठ धरून बघू लागला.

श्रिया वेंगुर्ल्याला कॉलेजात शिकवायची. तिने दक्षिण आफ्रिकेतलं एक जुनं नाटक मराठीत आणलं होतं. मूळ लिहिणारा गोऱ्या शेतकऱ्यांच्या, बोअरांच्या भाषेतला. त्यांचा सरदार तिथल्या झुलू लोकांच्या राजाकडे जमीन मागायला येतो. राजा जमीन देतो म्हणतो, पाहुण्यांना हत्यारं बाहेर ठेवायला लावतो, जेवायला बसवतो आणि ताटावरच मारतो. मग तीनदा हसतो. पडदा.

तालमीत बाकी सगळं जमलं, हसू येईना.

“मेल्या,” बोअर सरदार झालेला सुदेश म्हणाला, “इतकी वर्सां माझ्या हातान मरताना हसत रवलंस. आज माका मारूचा आसा, तर हसणस नाय?”

“राक्षसाक हसूक येता रे,” गुरुदास म्हणाला. “तेका ठावक आसता, देव येतलो नि मारून सोडवतलो. ह्या राजाक कोण येतलो गो श्रिया?”

“मेलेल्यांचे भाऊबंद. बंदुका घेऊन.”

“मगे ह्येका हसू कित्याक येतला?”

“लिवणाऱ्याक तो तसो दिसलो, काकानू. तुमी हसलास तर लोकांका राक्षसच दिसतलो. नाय हसलास तर कदाचित राजा दिसात. तुमीच ठरवा.”

खेळ तिन्हीसांजेला होता, तळ्याच्या काठी. पाण्यावरून धुकं चालत आलं आणि रंगमंचाच्या कडेला येऊन बसल्यासारखं थांबलं. दिवे त्यात पिवळे विरघळले. गुरुदासला वाटलं, आपण चालतोय ती जमीन जराशी तरंगते आहे. सुदेश काथ्याची दाढी लावून आला, हत्यार ठेवून पत्रावळीवर बसला. राजाने हळू आवाजात हुकूम दिला. भाले उठले. पाहुणे एकामागून एक आडवे झाले, जसं वाऱ्याने भात झोपतं.

आणि भाईचा मृदंग घुमला. भाईने जन्मभर गुरुदासच्या राक्षसाला साथ केलेली; माणूस पडला की त्याचे हात आपसूक राक्षसाच्या ठेक्यावर जायचे. तसेच गेले.

“आता हसतलो!” पुढच्या रांगेतली पोरं ओरडली. शिट्ट्या झाल्या.

गुरुदासचे पाय ठेका ओळखून उचलले गेले. छातीत श्वास भरला, हसू गळ्यापर्यंत चढलं. आणखी एक थाप, की राजा संपला असता.

तो तसाच भाईपाशी गेला आणि त्याने मृदंगावर तळवा ठेवला. कातडं हाताखाली थरथरलं, मग निपचित झालं. शिट्ट्या अर्ध्यावर तुटल्या.

गुरुदास वळला. आजवर प्रत्येक खेळात सुदेश उभा राहायचा आणि तो पडायचा. उभ्या माणसाला पडलेला माणूस इतका लांब दिसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. धुक्यातून चालत जायला पुष्कळ वेळ लागला. तो गुडघ्यांवर बसला, सुदेशच्या बोटांना चिकटलेली शितं त्याने पुसली.

“उठा पावण्यानू,” तो म्हणाला. “जेवाण थंड होता.”

हे नाटकात नव्हतं. विंगेतल्या श्रियाने पडद्याची दोरी हातात धरली होती. ती तिला ओढवेना.

बायकांच्या बाजूला म्हातारी तुळसा उठून उभी राहिली. “राजा, पळ रे!” ती कळवळून ओरडली. “बसलंस काय मेल्या, पळ! तेंचे भाऊबंद येतले आता!”

मग आणखी कुणी ओरडलं, मग पोरंही. राजाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. पळून जाणार कुठे? गाव त्याचंच होतं.