सातव्या वळणाचा पिवळा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना पिवळा झेंडा आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलता बोलता माझा आवाज चढला तर दचकू नका.

मी कुठल्या देशाचा नाही, पक्षाचा नाही, देवळाचा नाही की दर्ग्याचा नाही. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यती होतात ना, ग्रां प्री म्हणतात त्यांना, त्या शर्यतींतला मी. वर्षभरात अशा वीसेक फेऱ्या होतात, बहुतेक वेगवेगळ्या देशांत. आखातातल्या एका फेरीसाठी मला शिवले. शिवणाऱ्याने माझ्या कडांवर दुहेरी टीप मारली आणि मला हलक्या, गुळगुळीत काठीवर चढवले. रंग असा भडक, की वाळवंटातल्या उन्हातही डोळ्यांत भरावा.

मला दोनच गोष्टी सांगता येतात. एक, पुढे कोणीतरी पडले आहे, वेग कमी करा. दुसरी, मी हलतो आहे तोवर कोणी कोणाला ओलांडू नका. जगातला प्रत्येक शर्यतपटू हे पहिल्या दिवशी शिकतो. मी दिसलो नाही असे म्हणणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

मी अस्लमच्या हाती आलो. अस्लम रत्नागिरीचा, मांडवीचा. तिकडे एका कंपनीत वायरमन होता. शर्यतीचे तीन दिवस तो सुट्टी घेऊन मार्शल व्हायचा. मार्शल म्हणजे वळणावळणावर उभी राहणारी, झेंडे दाखवणारी, पडलेल्याला उचलणारी माणसे. त्याच्याबरोबर उमेर असायचा. तोही मांडवीचाच, एसी दुरुस्त करायचा. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच वर्षी विमानात चढलेले. अस्लमने मला पहिल्यांदा धरले, मनगट दोनदा फिरवले आणि हसून म्हणाला, "ह्याच्यापेक्षा आमच्या होडीचं वल्हं जड."

आम्हाला सातवे वळण मिळाले. शुक्रवारी सराव झाला, शनिवारी सुटण्याचा क्रम ठरवायला वेळा मोजल्या. या दोन दिवसांत मी चार वेळा हललो आणि चारही वेळा सगळ्यांनी मला मान दिला. शनिवारी मुख्य मार्शल स्वतः येऊन अस्लमच्या खांद्यावर थाप मारून गेले. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

रविवारी दुपारी धाकट्या गटाची शर्यत सुटली. या गटातली मुले सतरा-अठरा वर्षांची असतात आणि एकमेकांना चिकटूनच पळतात. पाचव्या चकरेला आमच्या वळणावर एका मुलाचे पुढचे चाक निसटले. तो घसरत रस्त्याकडेच्या खडीत गेला आणि तिथेच पडून राहिला. अस्लमने त्याच क्षणी मला उचलले. उमेर कुंपण ओलांडून मुलाकडे धावला.

मी हलत होतो. जीव तोडून हलत होतो! पहिल्या तिघांनी मला पाहिले, वेग कमी केला आणि एकामागे एक रांगेत गेले. चौथ्यानेही मला पाहिले. त्याचे हेल्मेट माझ्याकडे वळलेले मी या डोळ्यांनी, म्हणजे या कापडाने पाहिले. पण पुढचे हळू झाले, आता यांना गाठू, असे त्याला वाटले असावे. त्याने एकाला ओलांडले. उशिरा ब्रेक दाबला. गाडी हातातून सुटली आणि कोलांट्या खात खडीत शिरली. उमेर त्या पडलेल्या मुलावर ओणवा झाला होता. गाडी त्याच्या डाव्या पायावर आदळली.

उमेर ओरडला, "अस्लम! अरे अस्लम, ये रे!"

अस्लमची मान हाकेच्या दिशेने वळली. मला वाटले, आता हा मला टाकून धावणार. पण तो जागचा हलला नाही. दात आवळून तो मला हलवत राहिला. बाकीचे शर्यतपटू एकेक करून वळणातून जात राहिले, हळू, रांगेत. उमेरची हाक दोनदा आली, तीनदा आली. मग लाल झेंडा लागला, शर्यत थांबली. तेव्हा कुठे अस्लमने मला खाली फेकले आणि तो पळत सुटला.

पुढचे ऐकाल तर तुमचेही रक्त तापेल. संध्याकाळी अस्लमला एका खोलीत बोलावले. त्या चौथ्याच्या संघाचा माणूस सांगत होता, की झेंडा उशिरा दिसला. टेबलावर कागद तयार होता. त्यावर लिहिले होते, की झेंडा दाखवायला थोडा विलंब झाला असू शकतो.

"इथे सही कर आणि जा," एक अधिकारी म्हणाला. "शेवटी तू हौशी माणूस. तुला कोणी दोष देणार नाही."

अस्लमच्या कपड्यांवर अजून उमेरचे रक्त होते. तो म्हणाला, "साहेब, आधी कॅमेऱ्यातलं चित्र बघा. मग माझ्याकडे सही मागा."

"तुला कामावर जायचंय ना उद्या?"

"जायचंय. पण खोटं लिहून नाय."

त्याने उठायलाच नकार दिला. शेवटी त्यांना चित्रण लावावे लागले. त्यात मी स्पष्ट दिसत होतो, ती गाडी वळणात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून फडफडत होतो. त्या शर्यतपटूला शिक्षा झाली. कोणती? पुढच्या फेरीत सगळ्यांच्या मागून सुटायचे! इकडे उमेरचा पाय गुडघ्याखाली कापला आणि तिकडे त्या शर्यतपटूची शिक्षा एका दुपारी संपली. पडलेला मुलगा मात्र बचावला. अस्लमला त्यानंतर कोणी मार्शल म्हणून बोलावले नाही. माझी कड उसवली होती म्हणून मला कचऱ्यात टाकायला काढले, तेव्हा अस्लमने मला उचलून बॅगेत घातले.

दोन वर्षांनी नोकरी सोडून तो रत्नागिरीला परतला. उमेर आधीच गावी आला होता; दुसऱ्याच दिवशी मला घेऊन अस्लम त्याच्या घरी गेला. उमेर ओटीवर बसला होता. त्याने अस्लमकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कुबडी घेऊन आत निघून गेला. त्याची बायको मासूमा दारात उभी राहिली. "भाईजान, ते तुमचं नाव काढू देत नाहीत घरात," ती मान खाली घालून म्हणाली. अस्लम मला ओटीवर ठेवून निघून गेला.

त्यानंतर माझे हाल विचारू नका. माझ्या कापडाने स्कूटर पुसली. माझ्यात ओले मासे गुंडाळले. मग शेजारच्या धोंडूबाईने मला पाहिले. ती मासळी विकते आणि अंगणात बोंबील वाळत घालते. तिने मला मागून नेले आणि कावळे हाकलायला एका बांबूला बांधून बोंबलांच्या मांडवापाशी उभे केले. जगज्जेत्यांना वाकवणारा मी! राग यायचा, मित्रांनो, फार राग यायचा. पण कावळे निदान मला घाबरत तरी होते.

एकदा सकाळी अस्लम रस्त्याने चालला होता. उमेर ओटीवर होता. मला तिथे पाहून अस्लम थबकला. धोंडूबाई बोंबील उलटत होती. ती मागेपुढे बघणारी बाई नव्हे. तिने सरळ हाक मारली.

"काय रे अस्लम, ह्यो बावटा तुझाच ना? मग आज मला सांग. दोस्त गुरासारखा ओरडत व्हता, नि तू काठी हलवत उभा ऱ्हायलास? काळीज हाय की दगड?"

उमेरने मान वळवली नाही, पण तो आत गेला नाही.

अस्लम धोंडूबाईला नव्हे, उमेरला म्हणाला, "तू पडलास त्याच्यामागून अकरा गाड्या आल्या. मी बावटा टाकला असता, तर सगळ्या भरधाव आल्या असत्या. त्यातली एक जरी सुटली असती, तर तू नि तो पोरगा दोघं गेला असतात. मी मोजत व्हतो, उमेर. एकेक गेली की वाटायचं, आता पळू. पण मागून दुसरी दिसायची."

"अकरा?" उमेर म्हणाला.

"अकरा."

"मला दोनच ऐकू आल्या," उमेर म्हणाला. "मला वाटलं, दोनच तर व्हत्या, तरी हा आला नाय."

अस्लम ओटीच्या पायरीवर बसला. उमेरने कुबडीने त्याला ढोसले, जरा जोरातच. "दोन वर्षं तिकडं बसलास. एक फोन करून हे सांगायला काय झालं व्हतं तुला?"

"केले. तू उचलले नाहीस."

"मग अजून करायचे!" उमेर ओरडला, आणि ओरडता ओरडता रडू लागला. मासूमा आतून धावत आली. दोघांना शेजारी बसलेले पाहून ती चहा ठेवायला परत गेली.

त्या दोघांचे मिटले. माझे मिटलेले नाही. तो चौथा शर्यतपटू अजून पळतो, बक्षिसे घेतो. आणि त्याच्यासारखे इथेही आहेत. मांडवीच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी गाड्या घुमवत जातात, आणि हात वर करून "हळू" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला हसतात.

म्हणून मित्रांनो, विनवणी नाही, बजावून सांगतो. तुम्ही उद्या गाडी चालवाल. वाटेत कोणी झेंडा हलवेल, हात दाखवेल, नुसता ओरडेल. त्याचा राग करू नका, का म्हणून विचारत बसू नका. आधी वेग कमी करा. वळणापलीकडे कोणीतरी माणूस जमिनीवर पडलेला असतो, आणि त्याच्यावर दुसरा माणूस ओणवा झालेला असतो. तुम्हाला ते दोघे दिसत नाहीत. ज्याला दिसतात, तो तिथे उभा राहून हात हलवत असतो.