बक्कल धरंना

मित्रांनो, मी मोटारीतला एक जुना पट्टा आहे. पुढच्या सीटवर डाव्या बाजूला जो बसेल त्याला धरून ठेवायचं, हे माझं काम.

आमच्या मालकीणबाई पुष्पावतीबाई गेल्या हे कळलं त्या दिवशी मी श्रीगोंद्याजवळच्या आमच्या वस्तीवरच होतो. मोडलेली मोटार बैल जुंपून अंगणात आणून सोडली होती. नगरच्या दवाखान्यातून निरोप आला तो त्यानंतर. ओट्यावर माणसं जमली. मग एक जण मोटारीकडे बघून म्हणाला, "पट्टा हुता की हिला. काय उपेग झाला त्याचा?" बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच उत्तर दिलं असतं. आज देतो.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. तिथे मला यंत्राला बांधून ताणलं, माझं बक्कल पुन्हापुन्हा लावून पाहिलं आणि मगच मोटारीत बसवलं. तिकडच्याच एक डॉक्टरीणबाई ती मोटार घेऊन नगरला आल्या. तेव्हा आपल्याकडच्या मोटारींना पट्टे नसत. लोक मला बघायला खिडकीत वाकत. बाई निघण्याआधी मला शेवटापर्यंत ओढत, शिवण कुठे उसवली आहे का ते पाहत, बक्कल लावत आणि एक जोराचा हिसका देत. खट्ट आवाज आला आणि हिसका देऊनही सुटलं नाही, तरच मोटार चालू करत.

मायदेशी परत जाताना त्यांनी मोटार मच्छिंद्ररावांना विकली. मच्छिंद्रराव उसाचे मोठे बागायतदार. व्यवहाराच्या दिवशी त्यांनी इंजिन पाहिलं, टायर पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला. माझ्याकडे फक्त त्यांच्या बायकोनं, पुष्पावतीबाईंनी पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हिसका देऊन दाखवला. तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी तसाच हिसका देत.

सासूबाईंना, म्हणजे झुंबरबाईंना, त्याचं हसू येई. "मोटारीत बसतीया का म्हशीला दावं लावतीया?" असं त्या चारचौघांत विचारत.

"आत्याबाई, दावं सुटलं तर म्हस जाती," पुष्पावतीबाई म्हणत. "मला न्हाई जायचं एवढ्यात."

ते दिवस माझे बरे होते.

आता माझा राग कशाचा ते सांगतो. खंडेनवमीला आमच्या घरी नांगर, मोटार, इंजिन, सगळ्याची पूजा होई. मच्छिंद्रराव मोटारीला झेंडूचा हार घालत, स्टिअरिंगला कुंकू लावत. मी विलायती वस्तू म्हणून माझा मान मोठा. तेलात कालवलेलं हळदीकुंकू ते माझ्या बक्कलावर बोटानं थापत. ते आत उतरे. त्यावर रस्त्याचा फुफाटा बसे. दर वर्षी नवा थर. कपडा घेऊन ते कोणी पुसलं नाही. देवाचं कुंकू कसं पुसायचं? आतला खटका चिकटत गेला. वरून मी लालभडक, सजलेला दिसत होतो.

एकाहत्तर सालचा दसरा झाला. पाहुण्यांकडे बारसं होतं म्हणून दोघं मिरजगावला निघाले. पुष्पावतीबाईंनी बक्कल लावलं, हिसका दिला. मी सुटलो. त्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा सुटलो.

"अहो, बक्कल धरंना," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीला दाखवू आन् मग जाऊ."

"परवाच पूजा केलीया त्याची," मच्छिंद्रराव म्हणाले. "बस गुमान. आल्यावर दाखवू."

त्यांनी मला नुसतं अंगावर घेतलं आणि टोक हातात धरलं. वाटेत उसाची बैलगाडी बांधावरून एकदम रस्त्यावर आली. मच्छिंद्ररावांनी ब्रेक दाबला, तरी मोटार गाडीवर आदळली. त्यांच्या हातात स्टिअरिंग होतं. त्यांच्या कपाळाला खोक पडली, ते वाचले. बाईंच्या हातात मी होतो, आणि माझं टोक कुठेच अडकवलेलं नव्हतं. त्या पुढे काचेवर गेल्या. माझा धागासुद्धा तुटला नाही, मित्रांनो. मी आजही बळकट आहे. हेच मला सहन होत नाही.

ज्यांनी मला पुजलं त्यांनी मला कधी ओढून पाहिलं नाही. जी ओढून पाहत होती तिचं कोणी ऐकलं नाही. मला हार नको होता. कोरडं फडकं आणि एक हिसका एवढंच हवं होतं. तुमच्या घरातलं कोणी म्हणालं की अमुक वस्तू धरत नाही, तर हसू नका. उठा आणि ती तेव्हाच हातात घेऊन पाहा.

मोटार दुरुस्त झाली. नवी काच आली, पत्रा ठोकून रंग दिला. पुढच्या खंडेनवमीला मच्छिंद्ररावांनी माझ्यावर पुन्हा कुंकू थापलं. आता माझ्या सीटवर त्यांची बहीण आक्काबाई बसते. ती मला मांडीवर घेते आणि टोक हातात धरते.

"आल्यावर दाखवू," असं मच्छिंद्रराव म्हणाले होते. ते आले. मला अजून मिस्त्रीला दाखवलेलं नाही.