अकरा रंगांची खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी चेनकप्पी आहे. आधी माझ्याखालून जरा बाजूला सरका, मग मी निवांत बोलेन. हसू नका. माणसांच्या डोक्यावर ओझी तोलून धरण्यात माझा जन्म गेला आहे. खाली कोणी उभं दिसलं की माझं अजून बोलण्यात लक्ष लागत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दातेरी चाकं, दोन साखळ्या, छताच्या तुळईला अडकवायला वर एक आकडा आणि ओझं धरायला खाली एक. कपाळावर 'एक टन' असा पत्रा ठोकला आणि मला दुकानात पाठवलं. तिथून एका ट्रकमिस्त्रीनं मला उचललं. साखळी ओढली की मी इंचाइंचानं ओझं वर घ्यायची, आणि साखळी सोडली तरी ते जागचं हलायचं नाही. मिस्त्री माझ्यावर बेहद्द खूश होता.

तो तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. पहिल्याच दिवशी त्यानं लाकडाची एक खुंटी तासली. माझ्या खालच्या आकड्याच्या तोंडात ती अगदी बेताची बसायची. सुतळीनं ती त्यानं माझ्याच अंगाला बांधून टाकली. त्याचं असं होतं की, आकड्यावर वेडावाकडा ताण आला की त्याचं तोंड उघडू लागतं. ते इतकं हळू उघडतं की डोळ्याला कळत नाही, खुंटीला कळतं. प्रत्येक इंजिन उचलण्याआधी मिस्त्री ती आकड्यात घालून बघायचा. आपल्या दोन्ही पोरांना तो सांगायचा, "घट्ट बसली तर उचला. सैल पडली तर कप्पीला रामराम!"

वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली राबले. शंभरावर इंजिनं उचलली, आणि कुणाच्या नखालाही कधी धक्का लागू दिला नाही. मग एक दिवस मिस्त्री गेला.

त्याची थोरली मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. तिला सगळे ताईच म्हणत. धाकटा मुलगा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. मला घरामागच्या शेडमध्ये टांगून ठेवलं. तिथं एकदा शेजारी आला. त्याला झाडाचा बुंधा उपटायचा होता. धाकट्याचा स्वभाव भिडस्त. तो म्हणाला, "न्या की, त्यात काय एवढं!" शेजाऱ्यानं मला आडवं बांधलं आणि चौघांनी मिळून साखळी ओढली. बुंधा निघाला. माझ्या आकड्याचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं उघडलं आणि वळणावर केसाएवढी चीर पडली. शेजाऱ्यानं मला आणून दिलं, वर आभारही मानले.

माझी आबाळ झाली असं मी म्हणणार नाही. उलट लाड झाले, आणि तेच नडलं. धाकट्याचा बापावर फार जीव. दरवर्षी बापाच्या वाढदिवसाला तो मला फडक्यानं पुसायचा आणि डोक्यापासून आकड्यापर्यंत रंगवायचा. घरात उरेल तो रंग. कधी फाटकाचा हिरवा, कधी खिडक्यांचा निळा. "बाबांच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटतं," असं तो म्हणायचा. पहिल्याच वर्षी रंगानं माझी चीर बुजली. आणि मला रंगवायचं म्हटल्यावर सुतळीला लोंबणारी खुंटी तरी कशी सुटणार? तीही दरवर्षी रंगायची. अकरा वर्षांत तिच्यावर अकरा थर चढले आणि ती चांगली बाळसेदार झाली.

मग बहीणभावाच्या गाडीनं मान टाकली. धूर ओकायची, तेल प्यायची. गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन संपलंय, गाडी विकून मोकळे व्हा. धाकट्याच्या मनात मात्र भलतंच होतं. भंगारातून त्याच जातीचं इंजिन आणायचं आणि घरीच बसवायचं.

शेडच्या दारात दोघांचा वाद झाला. ताईनं विचारलं, "भंगारातल्या इंजिनाची खात्री कोण देणार? दुसऱ्याची म्हातारी आपल्या घरी आणली म्हणून ती तरुण होते का?"

"मी रोज मशीनच तर उघडतो, ताई."

"शिलाईचं मशीन अंगावर पडलं तर माणूस शिव्या देत उठतो. हे पडलं तर उठायला माणूस उरत नाही. रोज बघते मी."

ती खरं बोलत होती. लागणारा वेळ, लागणारी हत्यारं, न जुळणाऱ्या वायरी, सगळं तिनं बोटांवर मोजून दाखवलं. धाकट्यानं मान खाली घातली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पण बाबांची कप्पी आहे ना आपल्याकडे!"

त्यापुढे ताईचं काही चालेना. मित्रांनो, माझ्या नावावर कौल लागला. मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

तरी ताईनं एक अट घातली, "आधी खुंटी लावून बघ." धाकट्यानं खुंटी आकड्यात घातली. ती घट्ट बसली. दोघांचे चेहरे उजळले. बापाची खुंटी बापाच्याच पोरांशी खोटं बोलत होती, आणि तिला खोटं बोलायला शिकवलं होतं मायेनं.

पहिल्या रविवारी मी जुनं इंजिन बाहेर काढलं. चीर थोडी वाढली. पुढच्या रविवारी भंगारातलं इंजिन गिअरबॉक्ससकट माझ्या आकड्याला लागलं. मी ते उचललं, गाडीच्या तोंडात उतरवलं आणि अर्ध्यावर तोलून धरलं. धाकटा पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. बरोबर माझ्या ओझ्याखाली त्याची छाती होती.

ताई साखळीपाशी उभी होती. हाताला काम नव्हतं, म्हणून ती नाकासमोर लोंबणाऱ्या खुंटीवरचा पोपडा नखानं उकरू लागली. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा. ती उकरत गेली आणि शेवटी पांढरं लाकूड लागलं. तिनं खुंटी डोळ्यांपाशी धरली. रंगाच्या सालीत लाकूड किती बारीक होतं ते तिनं पाहिलं. मग माझ्या आकड्याकडे पाहिलं.

"बाहेर ये."

"दोनच बोल्ट राहिलेत गं."

"बाहेर ये म्हणते ना!"

"तू जरा खाली सोड, मग येतो."

तिनं पुन्हा सांगितलं नाही. धिप्पाड रोग्यांना कुशीवर वळवणारे हात होते ते. तिनं त्याचे दोन्ही घोटे धरले आणि फरफटत त्याला बाहेर ओढलं. त्याचं कोपर सोललं. तो चिडून काही बोलणार, तेवढ्यात माझा आकडा कडाडला.

मी खूप धरून ठेवलं हो. पण लोखंडालाही हद्द असते. धाकट्याची छाती होती तिथंच इंजिन आदळलं आणि फरशीला खड्डा पडला. दोघं भिंतीला टेकून बसून राहिली. ताई टोमणा मारायची एकही संधी सोडत नसे. त्या दिवशी ती फक्त त्याचं मनगट घट्ट धरून होती. ती फक्त त्याचं मनगट घट्ट धरून होती.

गाडी भंगारात गेली. माझ्याविषयी ताईनं बजावलं होतं, "हिची साखळी कापून तुकडे कर, मगच दे." धाकट्यानं करवत आणली, माझ्यावर ठेवली आणि परत उचलली. बाबांच्या वस्तूवर करवत चालवणं त्याला जमेना. तुटलेल्या आकड्यासकट त्यानं मला तशीच देऊन टाकली. खुंटी ताईनं काढून घेतली.

भंगारवाल्यानं माझा आकडा वेल्डिंग करून जोडला. वर झकास लाल रंग दिला. आता मी त्याच्या दुकानाच्या दारात टांगलेली असते. काल एक जोडपं आलं. नवऱ्यानं विचारलं, "घरच्या घरी इंजिन बदलावं म्हणतोय. परवडेल का हो?"

"न परवडायला काय झालं?" भंगारवाला म्हणाला. "कप्पी बघा ना, नवीकोरी दिसते."

नवऱ्यानं माझ्या रंगावरून कौतुकानं हात फिरवला.

मित्रांनो, इंजिन बदलणं परवडतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण जुन्या वस्तूवर माया असेल तर ती वरून रंगवू नका, आतून तपासा. आणि या बाजूनं जाणार असाल तर एवढं करा. माझ्या आकड्याच्या वळणावर नखानं खरवडा, रंग लगेच निघेल आणि खालचा सांधा दिसेल. तो माणूस मला न्यायला उद्या सकाळी येणार आहे.