टपाला भोक कोणी पाडलं

आमच्या घरात कुठलंही काम शेवटाकडून सुरू होतं. भिंतीला ओल आली की आधी रंगाचं कार्ड येतं, त्यावर आठवडाभर वाद होतो, मग रंग लागतो आणि मग कोणाला तरी आठवतं की आतला पाइप गळतोय. घासणं, खरवडणं, उपसणं ही कामं आमच्याकडे कोणाच्याच वाट्याला आलेली नाहीत. ज्याला त्याला थेट ब्रशच हातात हवा असतो.

गाडी बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. चिंगी झाली तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली. दिली म्हणजे चालवायला दिली. मतं त्यांनी स्वतःकडेच ठेवली. गेल्या वर्षापासून तिच्या टपाचे पोपडे निघायला लागले. आधी पांढुरके डाग आले, मग नखाने उचलता येतील अशा खपल्या, मग मागच्या दाराच्या वर तांबूस फोड. त्याच्या बरोब्बर खाली चिंगीची खुर्ची बांधलेली.

दोन वर्षांच्या मुलीला जगातली प्रत्येक वस्तू खाण्यासाठीच बनवलीय असं वाटतं. रोज सकाळी पाळणाघराकडे जाताना मी तिच्या केसांतून रंगाच्या खपल्या वेचायची, आणि ती तेवढ्यात एखादी तोंडात टाकायची. तेही मी सोसलं असतं. पण एकदा गाडी धुतल्यावर तिच्या खुर्चीच्या डोक्याकडे हात लावला तर गादी ओली. वर बघितलं, तर छताच्या कापडावर तपकिरी वर्तुळ. विसरलेल्या ओल्या टॉवेलचा येतो तसा वास. चिंगीची छाती जरा गारठ्यानेही भरते. ओल आणि बुरशी यांपासून तिला जपा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मला म्हणजे फक्त मलाच ऐकू आलं असावं.

"बाबा, टपाला गंज लागलाय. पाणी आत येतंय."

बाबा हात मागे बांधून गाडीभोवती फिरले. नोकरीत त्यांनी आयुष्यभर इतरांच्या कामाची पाहणी केली, त्यामुळे पाहणीतच काम होतं अशी त्यांची समजूत आहे.

"गंज नाही तो. ऊन लागलंय."

"उन्हाने पाणी येतं आत?"

"तू धुतेस फार," बाबा म्हणाले. "गाडी पुसायची असते."

नवऱ्याने मात्र मनावर घेतलं. त्याने मोबाइलवर टप दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. मी शेजारी बसून बघत होते. प्रत्येक व्हिडिओत एक माणूस बराच वेळ काचपेपर घासायचा आणि शेवटी थोडा वेळ रंग मारायचा. आमचा वीर घासण्याचा भाग बोटाने पुढे सरकवायचा.

"अरे, तोच तर भाग बघायचाय."

"तो सगळ्यांत सारखाच असतो गं. नुसतं खरखर खरखर."

मग स्प्रेचे डबे आले. हातमोजे आले, चष्मा आला, आणि शल्यविशारदाने घालावा तसला झगाही आला. काचपेपर आणायचा राहिला. रविवारी वर्तमानपत्रं चिकटवून काचा झाकल्या, बाबांनी खुर्ची टाकून सूत्रं हाती घेतली, आणि बापलेकांनी मिळून त्या फोडांवर, खपल्यांवर, एका चिकटलेल्या किड्यावर असा सुंदर रंग मारला की येणारा-जाणारा थांबायचा.

"शोरूममधून काढल्यासारखी," आई म्हणाल्या. सासूबाईंना शोरूमच्या वर दाद देता येत नाही.

किडा अजून तिथेच होता, चकचकीत.

महिना व्हायच्या आत रंगाखाली फोड आले. पहिल्यांदा होते त्यापेक्षा मोठे, कारण आता त्यांना चांगलं पांघरूण मिळालं होतं. कोणाचं चुकलं यावर बैठक बसली. रंगाची कंपनी चोर ठरली, झाडावरचे पक्षी ठरले, हवा ठरली. मग सगळ्यांची नजर हळूहळू माझ्या बादलीकडे वळली. उपाय एकमताने निघाला: अजून एक हात मारू.

अजून एक हात मारला. चिंगीची खुर्ची पुन्हा ओली झाली. त्या आठवड्यात ती रात्रभर खोकली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसले. घरच्यांचं म्हणणं, पाळणाघरातून आणला असेल खोकला. असेलही. पण पाळणाघराचा टप गळत नव्हता.

पुढच्या शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी खाली गेले. तोंडाला रुमाल बांधला, खुर्चीवर चढले आणि स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं आणि मी स्वतः आणलेला काचपेपर घेऊन खरवडायला लागले. रंगाचे थर सालीसारखे निघत होते. खाली भुसभुशीत तांबूस भुकटी. ती झटकली, पुन्हा घासलं. उलथन्याचं टोक एका ठिकाणी जरा दाबलं आणि ते हलकेच आत गेलं. सुकलेल्या पानातून काडी जावी तसं. मी वाकून बघितलं तर आतल्या कापडाचं तपकिरी वर्तुळ मला वरून दिसत होतं.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आईंचा आवाज आला. "अगं अगं अगं! काय करतेस!"

दोन मिनिटांत सगळं घर खाली.

"भोक पाडलंस?" बाबांचा आवाज चिरकला. "चांगल्या गाडीला भोक पाडलंस?"

"बाबा, ते होतंच. वर फक्त रंग होता."

"काल भोक होतं का? मी स्वतः बघितलं. काल नव्हतं."

"काल दिसत नव्हतं."

"म्हणजे नव्हतंच ना!"

आईंनी भुवया उंचावल्या. "हिच्या माहेरी गाडी नव्हती ना. हात कसा ठेवायचा ते कळत नाही, बिचारीला."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो उलथन्याकडे बघत होता. "तू मला सांगायचंस तरी," तो म्हणाला. "मी व्यवस्थित केलं असतं."

"झगा घालून?"

संध्याकाळपर्यंत घराण्यात ठरून गेलं की टपाला भोक सुनेने पाडलं. नणंदेला फोन गेला. तिनेही तिकडून उलथनं कशाला घेतलं म्हणून हळहळ व्यक्त केली.

रविवारी बाबांनी स्वतः दुरुस्ती केली. भोकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा तो लगदा, लांबीवर रंग. लांबी त्यांनी अशी थापली की टपावर टेंगूळ आलं. मग हात पुसत म्हणाले, "झालं. आता थेंब आत गेला तर नाव बदलीन. बसव उद्यापासून चिंगीला."

"आधी तुम्ही बसा ना, बाबा."

"मी? कुठे?"

"तिच्या जागेवर. मी पाणी मारते. तुमच्या कामावर तुमचा विश्वास आहे ना?"

हे मी इतकं गोड बोलले की नाही म्हणायची सोयच राहिली नाही. चिंगीची खुर्ची काढून बाबा मागे जाऊन बसले, गुडघ्यांवर हात, मान ताठ, फोटो काढणार असल्यासारखे. आई चिंगीला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. मी नळी सुरू केली आणि टपावर पाणी सोडलं. फार नाही, एरवी धुते तेवढंच.

काचेतून मला बाबांचं टक्कल दिसत होतं. आधी त्यावर एक थेंब पडला. बाबा हलले नाहीत. मग दुसरा पडला आणि कानामागून ओघळला. मग छोटीशी धार लागली. तरी माणूस समोर बघतोय! असा निग्रह मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. जरा सरकले असते तर कोरडे राहिले असते; पण सरकणं म्हणजे कबुली.

"कसंय बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"कोरडं," आतून आवाज आला.

चिंगीने काचेला नाक लावलं. तिला नुकतंच जमिनीवरच्या ओलीचं एकच कारण शिकवलं होतं.

"आबांनी शू केली," ती आजोबांकडे बोट दाखवून खणखणीत म्हणाली.

आईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बाबांना हसलेल्या मी प्रथमच पाहिल्या. पदर तोंडात कोंबून त्या भिंतीकडे वळल्या, पण खांदे हलत होते. बाबा उतरले. शर्टाची मागची बाजू तपकिरी झाली होती.

"पाणी फार जोरात मारलंस," ते म्हणाले. "असं पाणी कुठे पडत नाही."

पण नवऱ्याने त्या शर्टाकडे बघितलं, मग बाजूला ठेवलेल्या छोट्या खुर्चीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच बाबांना न विचारता म्हणाला, "उद्या गॅरेजला टाकतो."

गॅरेजमध्ये मीही गेले. बाबा आलेच. गॅरेजवाल्याने टपावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, पत्रा कापायला कशाला हवा? वरून लांबी मारून देतो ना. कळणार पण नाही."

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी त्यांना मनासारखा माणूस भेटला होता. "मी हेच म्हणत होतो," ते त्याच्या जवळ सरकले. "भोक काही आधी नव्हतं हो. आमच्या सूनबाईंनी पाडलं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आता मी भांडणार, असं त्याला वाटलं असावं.

"हो, मीच पाडलं," मी गॅरेजवाल्याला सांगितलं. "लहान पडलंय. गंज संपून चांगला पत्रा लागेपर्यंत तुम्ही ते मोठं करा. तिथे नवा तुकडा जोडा. रंगाचं नंतर बघू."

"रंग कोणता ते मी सांगेन," बाबा घाईने म्हणाले.

"तुम्हीच सांगा, बाबा."

ते दोघे रंगाचं कार्ड घेऊन आत जाऊन बसले. बाहेर कारागिराने यंत्र सुरू केलं आणि लाल भुकटी उडायला लागली. मी तोंडाला रुमाल बांधला, एक स्टूल ओढलं आणि टप दिसेल असं बसले. नवरा म्हणाला, इथे धूळ आहे, घरी जा, मी थांबतो.

"तू काचपेपर धर आणि त्यांना मदत कर," मी म्हटलं. "मी बघतेय."