हळदच राहू दे

"काय गं पोरी, परवा म्हनलीस क्यान्सर, आज म्हनतीस हळद. उद्या काय म्हनशील, शेंदूर?"

बनुबाईंनी असं विचारताच वखारीत हळकुंडं निवडणाऱ्या साऱ्या बायका खो-खो हसल्या. गुणमाला हसली नाही. हसायला तोंड कुठं होतं तिला!

सांगलीतल्या एका लहान दवाखान्यात ती रक्त तपासायची. परवा याच वखारीत तिनं शिबिर घेतलं होतं. तपासणी नवी. डोळ्याला दिसणार नाहीत असे चमकणारे कण असतात. अंडाशयाच्या कॅन्सरची खूण रक्तात असली, की ते त्या खुणेला धरून पट्टीवर अडकतात आणि यंत्राच्या निळ्या उजेडात चमकतात. बोटाच्या एका थेंबात काम! पण झाडून साऱ्या बायकांच्या पट्ट्या चमकल्या. वखारीत नुसती रडारड. शालूबाईंनी तर लेकीला सासरहून बोलावून घेतलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर गोमटेशनी पट्ट्या बघून कपाळावर हात मारला. "अहो गुणमालाताई, हळदपण या उजेडात चमकते! बोटं कशानं पुसलीत?"

"स्पिरिटनं."

"मग झालंच. स्पिरिटनं हळद जास्तच सुटली आणि थेंबात उतरली."

गुणमालाचं माहेर हळदीच्या अडत्याचं. लहानपणापासून आजूबाजूला पिवळी बोटंच बघितलेली, त्यामुळं त्या बोटांवर काही लागलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. स्वतःचा असा राग आला तिला!

"आता पुन्हा कोण रक्त देणार? सोडून द्या," डॉक्टर म्हणाले.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली, आणि सुया घेऊन तडक वखारीत आली.

"मावशी, चूक माझी," आता ती बनुबाईंना म्हणाली. "या खेपेला बोट नको, दंडाच्या शिरेतून घेते."

"आमाला रडिवलंस तू."

"रडिवलं. द्या शिव्या. पण रक्त पण द्या."

शिव्या मिळाल्या, रक्त नाही. बनुबाई नाही म्हणाल्यावर बाकीच्या कशाला हो म्हणतात! गुणमाला तिथंच हळदीच्या धुरळ्यात फतकल मारून बसली. जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही. बनुबाईंनी भाकरीचे दोन घास खाल्ले आणि बाकीची बांधून ठेवली. लुगड्याची गाठ सैल केली होती तरी पोट वर आलेलं दिसत होतं.

सगळ्या पाण्याला गेल्या, तशा बनुबाई हळूच म्हणाल्या, "आनि पुन्यांदा चमकली तर?"

गुणमाला त्यांच्याजवळ सरकली.

"लय दिस पोट फुगतंय गं. जेवान जात न्हाई. तू हळद म्हनलीस तवा असं बरं वाटलं... ऱ्हाऊ दे की हळदच."

"परवाची हळदच असली तर या खेपेला पट्टी काळीच राहील, मावशी. नसली तर मी आहे. तुम्हाला एकटीला सोडणार नाही."

बनुबाईंनी चोळीची बाही दंडावर सारली. मग बायका परत आल्या तसा त्यांनी हात पुढं केला आणि ओरडल्या, "बघताय काय? चला, वळीनं या!"

दुसऱ्या दिवशी साऱ्या पट्ट्या काळ्या राहिल्या. एक सोडून.

गुणमाला वखारीच्या दारात आली. काय बोलायचं ते वाटेत घोकून आली होती, पण बनुबाईंना बघताच तिचे डोळे भरले. बनुबाईंनी ते डोळे बघितले आणि हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"माजी हाय व्हय?"

"अजून पक्कं नाही, मावशी. पोटाची सोनोग्राफी करायची, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं..."

"कवा?"

"आत्ताच. रिक्षा आणलीय."

"मग डोळं पूस. रडायचं ते त्या दिशीच उरकलंय." बनुबाईंनी आपली चाळण शालूबाईंकडं सरकवली. "माजा ढीग बघ गं. खडं लय हायती त्यात, नीट निवड."

शालूबाईंनी मान हलवली. त्यांनी चाळण जवळ ओढली.

बनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदर झटकला, आणि गुणमालाच्या पुढं चालत जाऊन रिक्षात बसल्या.