गाडीतलं माणूस

टॅम्सिनने वर्तमानपत्राची घडी मोडली आणि नव्या सिनेमाचं परीक्षण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. समोर चाकांच्या खुर्चीत बसून तिची आई ग्लेनिस भोपळ्याच्या फोडी करत होती.

"'नायक ब्रॉक हॅरिगन एकोणीस वर्षांनी परतला आहे. आधी त्याचं पोट येतं, मग तो.'"

ग्लेनिस खो खो हसली. "बिचारा! पुढे वाच, पुढे."

"'दोन तासांत एकशे बारा माणसं मरतात. प्रेक्षक यात धरलेले नाहीत.'"

ग्लेनिसच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

'गंजका सूर्य'च्या या दुसऱ्या भागाचं चित्रीकरण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाच्या बाहेर, कोरड्या तळ्याच्या पात्रात पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा धोक्याच्या दृश्यांत नायिकेच्या जागी गाडी ग्लेनिस चालवायची. सहाव्या दिवशी गाडीने ठरल्यापेक्षा दोन कोलांट्या जास्त खाल्ल्या. ग्लेनिसचा कणा मोडला, चित्रीकरण थांबलं, निर्माता बुडाला. टॅम्सिन नऊ वर्षांची होती. गेल्या वर्षी अर्धवट सिनेमा पुरा करायला घेतलेल्या नव्या निर्मात्याने ते जुनं दृश्य वापरायची परवानगी मागितली. टॅम्सिन नको म्हणाली. ग्लेनिसने सही केली.

"मोडलेल्या कण्याचं काहीतरी चीज होऊ दे," एवढंच ती म्हणाली होती.

सिनेमा दोघींनी अजून पाहिला नव्हता. शनिवारी जायचं ठरलं होतं.

"गाडीबद्दल काही लिहिलंय?" मान वर न करता ग्लेनिसने विचारलं.

टॅम्सिनची नजर त्या परिच्छेदावर आधीच पोचली होती. पान उलटता आलं असतं. सकाळी आईला न्हाणीत उचलून नेताना तिच्या कमरेत उसण भरली होती. ती अजून ठसठसत होती.

"मी सांगितलं होतं तुला, परवानगी देऊ नकोस म्हणून."

"टॅम, लिहिलंय का ते सांग."

टॅम्सिनने वाचलं. एकेक शब्द सुटा, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा.

"'गाडी उलटते ते दृश्य सगळ्यांत खोटं. संगणकावर कुणीतरी आळसात उरकलेलं. त्या गाडीत माणूस आहे असं क्षणभरही वाटत नाही.'"

सुरी थांबली.

"परत वाच."

टॅम्सिनने परत वाचलं. या वेळी तिचा आवाज खाली आला होता, पण शब्द तिने एकही गाळला नाही.

ग्लेनिसने भोपळ्याच्या बिया बोटाने एका बाजूला सारल्या. बराच वेळ सारत राहिली.

"मी ओरडले होते," ती म्हणाली. "मोठ्याने. ते काढून टाकलं असेल."

"आई..." म्हणत टॅम्सिनने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ग्लेनिसने विचारलं, "हॅरिगनचं अजून काही आहे?"

"आहे."

"मग ते वाच ना. चांगलं लिहितो मेला परीक्षणवाला."

टॅम्सिन वाचू लागली. लेख खरंच चुरचुरीत होता. प्रत्येक विनोदापाशी ती आईच्या हसण्यासाठी क्षणभर थांबायची, आणि तेवढ्यात फक्त फळीवर सुरी आपटल्याचा आवाज यायचा.