पाचवा तास

मार्च उजाडला की शाळेत निळा कागद येतो. पुढच्या वर्षी परत येणार की नाही, अशा दोन चौकटी. एकीत खूण करून शुक्रवारपर्यंत द्यायचा. नेब्रास्कातल्या त्या शाळेत विज्ञान शिकवणारी लोर्ना हिक्स दरवर्षी तो उभ्या उभ्या भरून टाकायची. एकोणीस वर्षं झाली. यंदा मात्र तो चार दिवस टेबलावर लोळत होता.

शाळा सोडायची तिला हौस नव्हती. तिला फक्त आपला पाचवा तास परत हवा होता. वह्या तपासायला, उद्याच्या प्रयोगाची मांडामांड करायला तेवढाच मोकळा तास. सप्टेंबरात गणिताचा मास्तर विमा कंपनीत गेला, त्याच्या पाचव्या तासाच्या वर्गाला कोणी मिळेना. "आजचा दिवस जरा बघतेस का?" म्हणत मुख्याध्यापक वेंडेलने ते लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं, ते आजतागायत.

शुक्रवारी वेंडेल आला. हातात पिवळं कार्ड, सोमवारी जीन्स घालून यायच्या परवानगीचं. शिक्षक टिकावेत म्हणून कुणा शहाण्याने काढलेली युक्ती.

"तुझा कागद राहिलाय, लोर्ना."

"वेळ कुठाय? आज पाचवा तास तू घे, मी भरते."

"मी? गणित?"

"मग मी काय गणिताची आहे?"

वेंडेल वर्गावर गेला. लोर्नाने कॉफी गरम असतानाच प्यायली. मग मॅकेना नावाच्या मुलीची वही उघडली. तिच्या प्रयोगात अंधाऱ्या कपाटात ठेवलेलं घेवड्याचं रोप उजेडातल्यापेक्षा उंच झालं होतं. 'माझंच चुकलं वाटून पुन्हा केलं, तरी तसंच झालं,' असं तिने लिहिलं होतं. सप्टेंबरपासून लोर्ना वह्यांवर नुसतं 'छान' खरडत होती. आज तिने अर्धं पान लिहिलं. चुकलेलं नाही, रोप उजेड शोधत वाढतं, पुढच्या वर्षी आपण वेगवेगळ्या बिया लावून बघू. लिहिताना तिला फार बरं वाटलं. निळ्या कागदावर 'परत येणार' पुढे तिने पेन्सिलीने खूण केली.

घंटा झाली. वेंडेल घामाघूम होऊन परतला.

"बापरे! एकाने बूट खिडकीबाहेर फेकला. रोज कसं गं निभावतेस?"

"सोमवारी कोण निभावणार?"

वेंडेलने खिसे चाचपले. "माणूसच मिळत नाही. मेपर्यंत काढ ना कसंबसं." त्याने आणखी एक पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं. "मंगळवारीही घाल जीन्स."

"एकोणीस वर्षांत कधी मला जीन्समध्ये पाहिलंयस?"

"म्हणूनच तर!" तो हसला.

लोर्नाने खोडरबर शोधला. पेन्सिलीची खूण पुसली, दुसऱ्या चौकटीत पेनाने केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

तो गेल्यावर तिने मॅकेनाची वही पुन्हा उघडली. 'पुढच्या वर्षी' खोडलं आणि वर लिहिलं, 'एप्रिलमध्येच'.